आप्पांनी माझे ब्रेक बदलले तो दिवस

मित्रांनो, पत्र्याच्या छपराखाली उभी असलेली ती फिकट निळी मोटार दिसते ना, तीच मी. वयाने जुनी, अंगाने ठणठणीत म्हणावी अशी नाही. माझ्या एका आरशामागे गांधीलमाश्यांनी घर केले आहे आणि मागचे दार आतून उघडत नाही. पण एके काळी मीही नवीकोरी होते.

कारखान्यात माझा सांगाडा जोडला गेला, अंगावर निळा रंग चढला आणि थोड्याच दिवसांत मी आप्पांच्या घरी आले. आप्पा जमिनीची मोजणी करणारे अधिकारी. त्यांनी मला खडीच्या, चिखलाच्या, नसलेल्या अशा सगळ्या रस्त्यांनी फिरवले. त्यांची मुलगी जन्मली तेव्हा तिला दवाखान्यातून घरी मीच आणले. तिला सगळे छकुली म्हणत. आता ती परिचारिका झाली, केसांत चार रुपेरी तारा आल्या, तरी तेच नाव चिकटून आहे. माझे तेलपाणी आप्पा स्वतः करत. "हिला परका हात खपत नाही," असे ते पाहुण्यांना कौतुकाने सांगत. खरे तर खपत नसे ते त्यांनाच. पण ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढे आप्पा निवृत्त झाले आणि माझेही फिरणे संपल्यात जमा झाले. माईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, बाजारात नेऊन आणायचे एवढेच काम उरले. बाकी दिवस मी धूळ खात उभी.

माझ्या पुढच्या चाकांच्या आत लोखंडी तबकड्या आहेत. ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड त्या तबकडीला चिमटीत धरतात आणि चाक थांबते. हे पॅड झिजत आले की एक छोटी पत्र्याची पट्टी तबकडीला घासून बारीक किंचाळते. सावध करण्यासाठी मला दिलेला तेवढा एकच आवाज. मी तो लावला. पण तो स्वर इतका बारीक, की आप्पांच्या थकलेल्या कानांना तो लागेचना. माईंना ऐकू येई. त्यांनी सांगून पाहिले. आप्पा म्हणाले, धूळ बसली असेल. मी पुन्हा पुन्हा किंचाळले. याहून निराळे मी काय करू शकत होते?

शेवटी पॅड संपले. लोखंडावर लोखंड घासू लागले. आता खरखर आप्पांच्या तळपायालाच जाणवली. छकुली म्हणाली, गॅरेजमध्ये टाकू या.  त्यावर आप्पा ताटावरून अर्धपोटी उठले. दुसऱ्या दिवशी जाऊन ते नवे पॅड घेऊन आले आणि सुट्टीच्या सकाळी माझ्या चाकाशी स्टूल टाकून बसले.

सुरुवात त्यांनी अगदी रीतसर केली. मागच्या चाकांना विटा लावल्या, नट सैल केले, मग जॅकवर मला उचलले. चाक निघाले तेव्हा तबकडीवर खोल चरे पडलेले दिसले. आप्पांनी त्यांवरून बोट फिरवले. नंतर त्यांनी पाना उचलला. तो नटावर बसेना. बसला तर घसरे. एकदा बोटाचे सालटे निघाले. ते त्यांनी पँटला पुसले आणि पुन्हा पाना धरला. मी तशीच अधांतरी, तीन चाकांवर. मला तो नट स्वतःहून सैल करता आला असता तर!

वरच्या खिडकीत छकुली उभी होती. खाली यायला निघाली तर माईंनी तिला अडवले. "नको जाऊस. मदतीला गेलीस की त्यांच्या मनाला फार लागेल." म्हणून दोघी वरूनच पाहत राहिल्या.

जुने झिजलेले पॅड जाऊन नवे जाड बसायचे, तर पॅड दाबणारा आतला दट्ट्या मागे ढकलावा लागतो. आप्पांनी तो जिवाच्या आकांताने ढकलला. एक चाक झाले, मग दुसरे. दुपार कलली होती. घामाने निथळत त्यांनी हत्यारे गोळा केली, विटा काढल्या आणि माईंना हाक मारली, की फाटक उघड, एक चक्कर मारून येतो.

एक गोष्ट राहिली होती. दट्ट्या मागे ढकलल्यावर ब्रेकचे पेडल आधी चार-सहा वेळा दाबून घट्ट करून घ्यायचे असते, नाहीतर ब्रेक लागत नाही. मला माहीत होते. आप्पांनाही माहीत होते. मी ओरडले असते, पण आता माझे ब्रेक नवे होते. ते आवाजच करत नव्हते.

फाटकाकडे उतार आहे. आप्पांनी हँडब्रेक सोडला आणि मी मागे सरकू लागले. त्यांनी पेडल दाबले. ते सरळ तळाला गेले. माई फाटकाचा अडसर काढत होत्या, माझ्याकडे पाठ करून. आप्पांचा पाय पुन्हा आपटला. पुन्हा तळ. पुढच्या आपटण्याला कुठे पकड आली आणि मी गचकन थांबले. माईंच्या पदराला माझा बंपर लागला होता. त्या तिथेच मटकन खाली बसल्या.

छकुली धावत आली. आईला उठवून पायरीवर बसवले आणि माझे दार उघडले. आप्पांचे दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर आवळलेले होते.

"आप्पा, उतरा."

"पेडल आधी दाबून घ्यायचं, हे तुला मीच शिकवलं होतं ना?"

"हो."

"मग मी कसा विसरलो गं?"

 तिने त्यांचे एकेक बोट सोडवले. किल्ली त्यांनी स्वतःच काढून तिच्या हातात दिली आणि ते माईंकडे न बघता आत गेले.

पुढे गॅरेजवाल्याने माझ्या तबकड्या बदलल्या. त्याने आप्पांचे काम पाहिले आणि पॅड छान बसवलेत म्हणाला. छकुलीने ते घरी सांगितले. आप्पांनी नुसती मान हलवली.

मित्रांनो, यंत्र कुरकुरू लागले तर वेळीच लक्ष द्या, हे तर मी सांगेनच. पण त्याच्याशी झटणारे माणूस थकलेले दिसले, तर खिडकीतून बघत राहू नका. रागावले तर रागावू द्या. जवळ जाऊन बसा.

आता मला छकुली चालवते. आप्पा शेजारी बसतात. समोर कुणी आडवे आले की त्यांचा उजवा पाय पायपुसणीवर जोरात दाबला जातो. तिथे पेडल नाही; माझ्याकडे त्यांना देण्यासारखे काहीच नाही.