तळ्याच्या तोंडावरचा बाना

मित्रांनो, मी एक जुना बाना आहे. नाव ऐकून हसू नका. मासे अडवायचा बांबूचा पडदा म्हणजे बाना.

मला टंकेश्वरने विणलं. ब्रह्मपुत्रेकाठच्या आमच्या मासेमार वस्तीत त्याच्याइतका हात कुणाचा बसलेला नाही, आणि त्याच्याइतका हट्टीही कुणी नाही.

नदीतून आमच्या तळ्यात एक अरुंद ओढा येतो. पावसाळा सरून नदी उतरली की तळ्याचं पाणी उलटं नदीकडे धावतं आणि मासेही निघतात त्याच्यासोबत. त्यांना अडवायला मला ओढ्यात उभं केलं. पहिल्याच माघात, उरुकेच्या म्हणजे बिहू सणाच्या आदल्या रात्रीच्या जेवणाला, घराघरात रोहू शिजला. "बाना कसला, वस्तीचा थोरला जावई आहे हा!" असं म्हणत पदुमी पेहीने माझ्यापुढे पान-सुपारी ठेवली. पेही म्हणजे आत्या. ती अख्ख्या वस्तीची आत्या आहे. मी जो फुगलो, तो फुगलोच.

जेठात, म्हणजे ज्येष्ठात, नदी चढू लागली की बाना काढायचा, ही रीत. पण टंकेश्वर म्हणाला, "काढायचा कशाला? पळून जाणाऱ्या माशांना काय ऋतू असतो? राहू दे बारा महिने!" वर माझ्या फटीही चिखलाने लिंपल्या.

आता नदीचं पाणी तळ्याकडे येतं ते काही एकटं येत नाही. गाळ, शेवाळ, गवताचं बी, साबुदाण्याएवढी माशांची अंडी, केसाएवढी पिल्लं. पाणी नेईल तिकडे जाणारी मंडळी ती. सगळी येऊन माझ्या छातीवर आपटायची. मी ऐटीत म्हणायचो, "आत जागा नाही, पुढे व्हा!" पुढे म्हणजे कुठे, याची मला काय पडलीय!

तिसऱ्या माघात टंकेश्वरची लेक जुनाली नवऱ्याला घेऊन पहिल्यांदा सणाला आली. तळ्यात जाळं टाकलं, तर वर आली जलपर्णी आणि एक रागावलेला खेकडा. शेवटी टंकेश्वरने गुपचूप बाजारातून बर्फातला मासा आणला. मासेमाराच्या घरात परमुलखातला मासा! जावई भला माणूस. म्हणाला, "छान आहे हो सासरेबुवा, फक्त जरा गारठलाय." जुनालीचे डोळे भरून आले. बापाला ती देउता म्हणते. "देउता, सासरी विचारतील माहेरी काय जेवलीस. काय सांगू मी?"

बापाने ताट बाजूला सारलं.

पेही कडाडली, "मासे पळाले नाहीत रे मेल्या, आलेच नाहीत! काढ तो बाना!"

"काढला तर उरलंसुरलंही जाईल!"

"उरलंय काय? तुझी अक्कल?"

तरी गडी बधला नाही. जेठात नदी चढली, तेव्हा तो मला आणखी लिंपायलाच आला. छातीवरचा गाळ उपसून त्याने गामोशावर, म्हणजे खांद्यावरच्या पंचावर, टाकला आणि थबकला. गाळ वळवळत होता. जिथे पाहावं तिथे इवले काळे डोळे. टंकेश्वर गामोशावर वाकला. "अरे देवा, मी कुणाला दाराबाहेर ठेवलं!"

मग शिव्या देत त्याने मला उपटलं. शिव्या खरं तर त्याच्या वाट्याच्या होत्या, पण खाल्ल्या मी. माझी कंबर मोडली. पाणी मात्र गाळ, बी, पिल्लं सगळं कडेवर घेऊन आत शिरलं.

पुढे नदी उतरल्यावर ओढ्यात दुसरा बाना उभा राहिला आणि मी बदकांच्या खुराड्यामागे पडून राहिलो. बदकांनी माझ्यावर काय काय केलं, ते सांगण्यासारखं नाही.

दोन वर्षांनी, आज, पुन्हा उरुका. पोरांनी रिवाजाप्रमाणे लोकांच्या अंगणातले बांबू चोरले, त्यात मीही आलो. शेतातल्या जेवणाच्या झोपडीची मी आता भिंत आहे. आत जावई रोहूचं डोकं चोखतोय. "सासरेबुवा, यंदाचा गारठलेला नाही हं!"

"मी तर आधीपासून सांगत होतो, बाना काढा म्हणून," टंकेश्वर म्हणाला. पेहीने त्याच्यावर पळी उगारली. जुनालीने हसत हसत पुन्हा भात वाढून घेतला.

पहाटे रिवाजाप्रमाणेच ही झोपडी पेटवतील. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, एवढं करा. बाना जरूर विणा, आणि जेठ लागला की त्याला उचलून घरी न्या. आम्हाला फक्त अडवायचं कळतं. आत कुणाला घ्यायचं, ते तुम्हालाच बघायला हवं.