दोन पुरुष उंच गवत

मी एक जुनी गाय आहे, मित्रांनो, अन् माह्या पोटाले चार कप्पे आहेत. मले पचणार नाही अशी वस्तू आमच्या रामाकोना गावात नाही. नत्थूजीचा दुपट्टा पचवला, निवडणुकीचा अर्धा बॅनर पचवला. अन् हारली कशापुढं? गवतापुढं.

माहे मालक नत्थूजी अन् शेताच्या धुऱ्यापलीकडचे त्यायचे साळे गुणवंताजी. दोघायनं एकाच दिवशी नेपियर गवत लावलं अन् पैज मारली. ज्याचं जास्त उंच, तो जिंकला. जो आधी कापंल, तो हारला. मागच्या बाजूनं रोज एक भारा माह्यासाठी काढाची तेवढी सूट होती.

गवत छातीएवढं झालं की कापाचं असते. तवा पानं कवळी राह्यतात अन् दूध भरपूर येते. पण रस्त्यानं जाणाऱ्या बसमधले लोकं वाकून वाकून पाहून राहिले होते, तर नत्थूजी कशाले कापतात! रोज गवतापाशी उभं राहून फोटो, रोज स्टेटस. गवत दोन पुरुष उंच झालं. कांडं बांबूवाणी.

एक घास घेतला की दुपारपर्यंत रवंथ. जून कांडं पोटात तसंच पडून राहे. स्वतः पचे ना, दुसऱ्या चाऱ्याले जागा देई ना. पोट नगाऱ्यावाणी टम्म, अन् मी उपाशी. दूध आठ लिटरावरून तीनवर आलं.

"म्हातारी झाली हे," नत्थूजी म्हणाले. "येत्या बाजारी सौंसरले नेऊन विकतो."

म्हातारी? मी? नेऊनच दाखवा म्हटलं! गव्हाणीतलं एकूणएक कांडं मी शिंगानं अंगणात भिरकावलं. एक त्यायच्या मोटरसायकलच्या चाकात जाऊन बसलं.

त्यायची बायको मीनाबाई म्हणाली, "गाय नाही, तुमचं गवत म्हातारं झालं."

"तुले काय समजते? बारा फूट आहे थे!"

दुसऱ्या दिवशी मीनाबाईनं भेंडीची भाजी वाढली. झाडावर पार जून झालेली भेंडी. नत्थूजीनं चावली, अजून चावली, अन् दातांची कवळीच ताटात आली.

"अवो, हे काय शिजवलं!"

"लांबी पाहा ना! वीतभर आहे. फोटो काढून देऊ?"

संध्याकाळपर्यंत गवत भुईसपाट. गुणवंताजी पैज जिंकले. माहा बाजार रद्द झाला.

म्हणून सांगून राहिली, मित्रांनो, चारा वेळेवर कापत जा. आमच्या पोटात कप्पे आहेत, आरा मशीन नाही. उंचीच पाह्याची असंन तर मोबाईलचा टावर पाहा. माह्यापुढं जून कांडं टाकाल तर मी परत भिरकावीन.

पण नत्थूजी थे नत्थूजीच. आता त्यायनं मले निस्ते टीचभर कवळे फुटवे चारले, सलग चार दिवस. त्यात पाणीच पाणी. पोटात थांबतच नाहीत.

पाचव्या दिवशी गुणवंताजी पांढरा कुर्ता घालून जिंकल्याचा फोटो काढाले आले. "भाऊजी, गायीसंग येऊ द्या," म्हणाले अन् माह्या मागं उभे राहिले.

मले खोकला आला.

कुर्ता मीनाबाईनं तीनदा धुतला. हिरवाच आहे.