कोरडा अंबाडा

माझ्या धाकट्या भावाला मी बारक्या म्हणते. तो आता चाळिशीचा आहे, डोक्यावरचे निम्मे केस गेलेत आणि सहा वर्षांपासून आमच्याच चर्चच्या मंडळीचा पाळक आहे, तरी बारक्याच. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याला न्हाऊ-माखू घातलं मी, त्याच्या उवा काढल्या मी. अशाला अहो-जाहो कोण करणार? उपासना सुटली की दारात सगळे अदबीने त्याच्याशी हात मिळवायचे आणि मी म्हणायची, बारक्या, आज जरा लांबवलंस हं. एकदा मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं. घरात काय हवं ते म्हणा, पण इथे पाळकांचा मान राखा, असं समजावलं. मी फणकाऱ्याने सांगितलं, की त्याच्या चड्ड्या शिवत होते तेव्हापासून त्याचा मान राखतेय.

माझं शिवणाचं दुकान आहे. शाळेचे गणवेश, पडदे आणि मंडळीसाठी बाप्तिस्म्याचे पांढरे झगे. या झग्यांच्या खालच्या घेरात शिशाचे चपटे तुकडे घालून टीप मारावी लागते, नाहीतर हौदात उतरल्यावर झगा फुगून वर येतो आणि चारचौघांत शोभा होते. असे बावीस झगे मी शिवले. स्वतः एकही घातला नव्हता. सोळाव्या वर्षी घ्यायचा बाप्तिस्मा आईच्या आजारपणात राहिला, मग बारक्याला वाढवण्यात राहिला, आणि तोच पाळक होऊन आल्यावर मी हटून बसले. आमच्याकडे हौदात गुडघे टेकून पुढे वाकायचं आणि पाळकाने डोक्यावर हात ठेवून पाण्याखाली न्यायचं. बारक्यासमोर गुडघे टेकायचे? छे! प्रभूवर माझा विश्वास होता, अगदी पक्का. पण बाप्तिस्मा नाही म्हणून प्रभुभोजनाच्या भाकरीची थाळी आली की मी ती तशीच पुढे सरकवायची आणि भिंतीकडे बघत बसायची. दर वेळी आत कुठेतरी तुटायचं.

गेल्या महिन्यात माझ्याकडे काजं-बटणं करणारी म्हातारी अंथरुणाला खिळली. दुपारी मी तिच्यासाठी दूध घेऊन गेले. दार अर्धवट उघडं होतं आणि आत बारक्या तिच्या उशाशी जमिनीवर बसला होता. म्हातारी पुन्हा पुन्हा विचारत होती, की माझ्या हातून आयुष्यात काही धड झालं नाही, मला वर कोण घेणार. तो तिच्या कानाशी वाकला.

"आजी, तारण कमवायचं नसतं. ते प्रभूने देऊन ठेवलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

म्हातारी हो म्हणाली. इतकं स्वच्छ, की मला दारात ऐकू आलं. मग त्याने प्रार्थना सुरू केली आणि माझी मान आपोआप खाली गेली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी बघतही नव्हतं. याच माणसाच्या हवाली प्रभूने आम्हा सगळ्यांना केलंय, हे मला सहा वर्षांनी त्या दारात उमगलं. स्वतःची फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला गाठून सांगितलं, येत्या रविवारी मला बाप्तिस्मा दे. आधी तो हरखला, मग चाचरायला लागला. आधीचे पाळक अजून खुटखुटीत आहेत, त्यांना बोलावू का, म्हणजे तुला अवघडणार नाही, असं काहीबाही बोलला. घेईन तर तुझ्याच हातून, नाहीतर राहिलं, असं मी ठणकावलं. दुकानात येऊन तेविसावा झगा माझ्या मापाचा कापला.

रविवारी हौदात उतरले. पाणी कमरेपर्यंत, गारढोण. त्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं मी मागच्या बाकापर्यंत जातील अशी खणखणीत दिली. गुडघे टेकले, वाकले. त्याने पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. डोक्यावर त्याचा हात जेमतेम टेकला, नाकाला पाणी लागलं आणि त्याने लगेच मला वर उचललं. मंडळी गायला लागली. मी मागे हात नेऊन पाहिलं, तर अंबाडा ठणठणीत कोरडा. पुरतं बुडल्याशिवाय आमच्यात बाप्तिस्मा झाला असं धरत नाहीत, आणि हे सगळ्यांना शिकवणारा तोच! मनात आलं, आपणच खाली जावं. पण स्वतःच बुडी मारायची होती तर ती विहिरीतही मारली असती.

मी त्याच्याकडे बघत राहिले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, तुझं डोकं दाबायला हातच होत नाही गं."

मी गुडघ्यांवरून उठले नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाळकसाहेब, इथे तुमची ताई नाही. एक पापी बाई गुडघे टेकून बसलीय. तिला पुरती बुडवा."

गाणं थांबलं. मागचे लोक उठून उभे राहिले.

पाळकसाहेबांनी ओल्या बाहीने डोळे पुसले. माझ्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले, तीच तीन नावं पुन्हा घेतली, या वेळी मोठ्याने, आणि दाबलं. पाणी कानात गेलं, केसांत शिरलं, डोक्यावरून मिटलं. त्यांच्या हातांचा सगळा भार माझ्यावर होता. मी वर यायची घाई केली नाही.