बुडाला चिकटलेलं कालव

साहेब, चोरी तुम्ही केलीत आणि हात माझे वापरलेत. बंगल्यातल्या माशांच्या टाकीसाठी मऊ प्रवाळ दिलंत, म्हणालात, "दुकानातलं आहे, दगडावर बसवून आण." बुळबुळीत अंगावर गोंद धरेना, म्हणून घरी मी ते जाळीच्या तुकड्याने बांधत होतो. माझी बायको मथुरा पर्यटकांना होडीतून समुद्राचा तळ दाखवते. ती वाकून प्रवाळाचं बूड बघू लागली.

"दुकानातला सिमिटाच्या चकतीर येता. हेच्या बुडाक आपल्या खडपावरचा कालव आसा. तुमका दिसूक नाय?"

तो शिंपला मला दिसला होता. तुम्हाला नाही म्हणायची छाती नव्हती.

"आता होडीत लोकांका खंयच्या तोंडान सांगू, प्रवाळाक हात लावू नकात म्हणान?"

मी जाळी सोडली आणि प्रवाळ समुद्राच्या पाण्याच्या बादलीत ठेवलं. ते अजून जिवंत आहे, साहेब. समुद्रातल्या कुठल्या खडपावरून, कुठल्या खडकावरून तोडलंत ते सांगा, तिथेच परत नेऊन बसवतो.