जांभ्याची देवी

शेंदराचा जाड थर खपलीसारखा हातात आला, तशी सुमेधा देवघरापुढून उठून खिडकीपाशी गेली. उजेडात पुन्हा पाहिलं. आतला दगड काळा, घट्ट होता. एका कडेला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची अर्धगोल खाच होती.

त्यांच्या कुलदेवीचा तांदळा, म्हणजे शेंदूर लावून पुजायचा दगड, जांभ्याचा. राजापूरच्या घरी आई शेंदूर खरवडायची तेव्हा खालचा लाल, भोकाभोकांचा दगड तिने कितीदा पाहिला होता. पुढे देवी थोरल्या भावाकडे, हरिहरकडे ठाण्याला गेली आणि आई सुमेधाकडे ठाकुर्लीला आली. अंथरुणाला खिळली ती तिथेच. शाळा सांभाळून तिचं सगळं सुमेधानेच केलं. "देवी तुझ्याकडे येईल," असा शब्द आईने दिला होता. शेवटच्या महिन्यात हरिहर तांदळा घेऊन आला, तेव्हा आईने पडल्या पडल्या हात जोडले होते.

सुमेधा दगड रुमालात बांधून ठाण्याला गेली. हरिहरच्या देवघरात काचेमागे, चांदीच्या पाटावर लाल तांदळा होता.

"दादा, मला दिलास तो खाणीतला दगड आहे."

हरिहरने पेपर खाली ठेवला. "शेंदूर लावला की सगळे सारखेच दिसतात गं."

"मी भूगोल शिकवते."

"मग काळ्या दगडाचाच जांभा होतो, हे मुलांना तूच सांगतेस ना? ठेव ऊन-पावसात. होईल."

मालनवहिनीला हसू आलं. तिने पदर तोंडाला लावला.

"लाखो वर्षं झिजावं लागतं त्याला," सुमेधा वर्गात सांगावं तसं म्हणाली. मग तिचा आवाज चढला. "आईला फसवलंस तू. जाता जाता तिने या दगडाला हात जोडले."

हरिहरने पेपरची घडी घातली.

"आईनेच सांगितलं होतं," तो म्हणाला. "सुमेधाचं लग्न नाही झालं, तिच्यामागे देवीचं कोण बघणार, दुसरा दगड बसव म्हणाली. आणि तिला कळू देऊ नकोस, माझं सगळं तीच करतेय."

सुमेधा काचेकडे बघत राहिली. वहिनी जवळ आली.

"वन्सं, तो राहू दे इथेच. आम्ही खाडीत सोडू."

सुमेधाने रुमालाची गाठ पुन्हा मारली.

"नको," ती म्हणाली. "सकाळी याला आंघोळ घालायची असते."