गठ्ठे हलवण्याआधीचा फोटो

चौकशीच्या खोलीबाहेर मुकादमाच्या बायकोनं फोटोग्राफर बाईंचा हात घट्ट धरला होता.

"ताई, मालकाचा वकील विचारणार, फोटो काढताना तुम्ही तिथं कशाला हात लावलात का. नुसतं नाही म्हणा. एका शब्दाचं तर काम आहे."

शिवणकारखान्याला आग लागली तेव्हा मागचं दार कुलूपबंद होतं. चौघीजणी आतच राहिल्या. मालकाचं म्हणणं, दार रोज उघडंच असायचं, त्या दिवशी मुकादमानंच मनानं कुलूप घातलं. मुकादम कोठडीत होता. त्याच्या बाजूनं एवढा एक फोटो होता. आगीच्या महिनाभर आधी कामगारांवरच्या प्रदर्शनासाठी बाईंनी तो काढला होता. त्यात बंद दार होतं आणि दारावर लखलखीत कुलूप.

आत वकिलानं फोटो उंच धरला. "काय देखणं आलंय हो कुलूप! लग्नाला उभं केल्यासारखं. बाई, काढण्याआधी तिथं काही हलवलंत?"

मागच्या बाकावर मुकादमाची बायको बसली होती.

बाई शाळेतल्या मुलांना फोटो काढायला शिकवायच्या. पहिल्याच तासाला त्या सांगत, आधी नीट बघायचं, मग कॅमेरा उचलायचा. समोरच्या वस्तूला बोट लावायचं नाही.

"हलवलं," त्या म्हणाल्या. "दारापुढं कापडाचे गठ्ठे रचलेले होते. कुलूप दिसेना, म्हणून ते मी बाजूला केले."

"म्हणजे देखावा मांडलात! मग कुलूपही तुम्हीच अडकवलं नसेल कशावरून?"

मागून एक बारीक हुंदका आला. बाईंनी तिकडं पाहिलं नाही.

चौकशी अधिकारी पुढे झुकले. "गठ्ठे हलवण्याआधी फोटो काढला होतात?"

"एक काढला होता. वाकडा आला, अंधारही होता. मी तो कुणाला दाखवला नाही. पण फिल्म मी कापत नाही." बाईंनी पिशवीतून पाकीट काढलं. त्यात अखंड पट्टी होती आणि तिच्यावरून छापलेले छोटे फोटो. कडेला अकरा आणि बारा असे आकडे होते. बारा नंबर प्रदर्शनातला.

अधिकाऱ्यांनी अकरा नंबरवर भिंग धरलं. दाराला टेकून खांद्याइतके उंच गठ्ठे, वरच्या फटीतून कुलुपाची कडी. प्रत्येक गठ्ठ्यावर जाड ब्रशनं काहीतरी लिहिलेलं.

"हे काय आहे?"

"तारखा असतील," वकील म्हणाला. "कुणीही लिहील."

"कुणीही नाही!" मुकादमाची बायको उठलीच. "गोदामात मीच कामाला आहे. माल उतरवून रचला की तारीख मी घालते. बघू द्या." ती भिंगावर वाकली. "माझंच अक्षर. खालच्या गठ्ठ्यावर सात तारीख आहे."

"आणि फोटो?"

"त्याच महिन्याच्या अठ्ठावीसचा," बाई म्हणाल्या.

तीन आठवडे ते गठ्ठे जागचे हलले नव्हते. म्हणजे दार तेव्हापासून उघडलंच नव्हतं.

"गोदामाची वही मागवा," अधिकारी लेखनिकाला म्हणाले. "आणि मालकांना सांगा, उद्या त्यांनी स्वतः यावं." वकील कागद गोळा करू लागला.

बाहेर आल्यावर मुकादमाची बायको पायरीवर बसली. रडता रडता हसली. "बरं झालं, माझं ऐकलं नाहीत. हे सुटून आले की त्यांचाही फोटो काढा. वाकडा आला तरी चालेल."

बाईंना हसू आलं नाही. आगीच्या आधीच भरलेल्या त्या प्रदर्शनाला कामगार खात्याचे साहेब आले होते. बारा नंबरपुढं उभे राहून "प्रकाश छान पकडलाय" म्हणाले आणि गेले होते.

मुकादमाची बायको डोळे पुसत होती. पुसता पुसता तिचा हात थांबला.

"ताई, तेव्हा प्रदर्शनात हा अकरा नंबर लावला असता, तर ते गठ्ठे कुणाला तरी दिसले असते..."

"हो," बाई म्हणाल्या आणि तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.