पेवातला वाटा

लालासाहेबाच्या गोठ्यातली म्हैस भरदुपारी मागच्या दोन्ही पायांनी जमिनीत रुतली आणि आतून जो वास सुटला, त्यानं अख्खी आळी घराबाहेर आली. मेलेलं कुत्रं परवडलं. मी शेजारीण, पदर नाकाला लावूनच पुढं झाले.

गोठ्याखाली धान्य साठवायचं पेव होतं. लालासाहेब आणि पलटणीतला धाकटा कृष्णात, दोघा भावांचं मिळून. कृष्णातच्या बायकोनं, अंजनानं, स्वतः आत उतरून भिंतींना कडबा लावला होता आणि पंधरा पोती शाळू ओतला होता. पुढं पावसानं दगा दिला. अंजना बाळंतपणाला माहेरी, कुंडलला गेली. परत आली तर पेवाच्या तोंडावर शेणानं सारवलेली जमीन आणि तिच्यावर दोन भाकड म्हशी!

महिन्यामागं माझ्यादेखत ती लालासाहेबाला म्हणाली, "आवं भावजी, पोराला अंगावरचं दूध पुरंना. रेशनच्या तांबड्या मिलोच्या भाकरीनं माझ्या पोटात आग पडती. दोन पायली शाळू द्या."

"कुठला देऊ? सरकारी लेव्हीवाल्यांनी पेव झाडून न्हेलं. यमाईची आण, घरात दाणा न्हाई," असं म्हणून या बाबानं औंधाच्या डोंगराकडं हात जोडले. भाव अजून चढायची वाट बघत स्वतःच्या बायकोलाही तो मिलोच खायला घालत होता. असल्या माणसाची मला किळस येते, दुसरा शब्द नाही.

चौघांनी दोर लावून म्हैस ओढली. तोंडावरचा दगड सरकवून कंदील आत सोडला, तो हातभर गेला आणि विझला.

"कुनी उतरू नगा रं! आत वारं इखारी हाय," म्हातारा तात्याबा ओरडला. मग लालासाहेबाकडं बघून थुंकला. "तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. वरीसभर म्हशीचं मूत मुरवलंस व्हय रं शाळूत?"

पेव रात्रभर उघडं ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी माल वर काढला. काळी ढेपळं आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. पार तळापर्यंत तेच.

संध्याकाळी मी अंजनाच्या पोराला माझ्या शेळीचं वाटीभर दूध बोळ्यानं पाजत होते. तेवढ्यात लालासाहेब आला आणि तिच्या उंबऱ्यावर त्याच काळ्या मालाची पाटी ठेवली.

"अंजना, ह्यो तुझा वाटा. बाकीचा आणून टाकतो. निम्म्याला निम्मं. उद्या कृष्णात आल्यावर म्हनायला नगं, थोरल्यानं गिळलं."

मला वाटलं, ही आता शिव्या घालणार. पण ती म्हणाली, "उचला ती पाटी. तुमचा वाटा बी घ्या आन् दोनी यमाईच्या पायरीवर ओता. तिची आण घिऊन लपिवलं व्हतं न्हवं? तिला दावा."

"आगं, देवीच्या पायरीवर असली घाण?"

"मंग माझ्या उंबऱ्यावर चालती व्हय?"

त्यानं पाटी उचलली. अंजनानं कोपऱ्यातली घागर घेतली. दोन मैलांवरून, विहिरीच्या तळाशी वाटीनं भरून आणलेलं पाणी होतं ते. सगळं तिनं उंबऱ्यावर ओतलं आणि केरसुणीनं खसाखसा घासलं. पाण्याचं मोल मला ठाऊक होतं, तरी मी तिला थांबवलं नाही.